'झोपलास का?' असं विचारून झोप मोडणारी सॉफ्टवेअर्स

गाढ झोपलेल्या माणसाचा खांदा हलवून "झोपलास का रे?" असं विचारणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला फक्त माहिती हवी असते. पण विचारता विचारता झोप मोडते. वर "नाही, जागाच आहे" हे उत्तर त्या क्षणी खरंही असतं, कारण आता तो माणूस खरोखर जागा झालेला असतो.

कॉम्प्युटरच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर्स हार्डडिस्कशी अगदी असंच वागतात. डिस्क थांबली आहे का, तिचं तापमान किती आहे, ती बरी आहे ना, हे विचारायला जातात आणि थांबलेली डिस्क परत फिरायला लागते. हा प्रश्न जुनाच आहे. पण गेल्या वर्षभरात तो आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात नव्याने आलाय. का आणि कसा, ते बघू.

हा विषय आत्ता का?

तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, १ जून २०२१ पासून गुगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. तेव्हापासून आपण सगळे १५ जीबीच्या हिशेबात जगतोय, आणि त्यात जीमेल आणि ड्राइव्हही येतात. आजच्या फोनवर फोर-के व्हिडिओ काढणाऱ्याला १५ जीबी म्हणजे एक लग्न.

दुसरी, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे घरातले चांगले चालणारे कितीतरी पीसी एका दिवसात 'जुने' झाले. त्यातल्या काहींवर लोकांनी लिनक्स टाकलं आणि त्यांचा घरगुती फोटो सर्व्हर केला. कोपऱ्यात पीसी चालू, त्यात एक मोठी डिस्क, आणि घरातल्या सगळ्या फोनचे फोटो आपोआप तिथे.

तिसरी, २०२५ च्या शेवटी मेमरी आणि एसएसडीचे भाव वर गेले, कारण एआयच्या डेटा सेंटर्सना चिप्स हव्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. चार टीबीची एसएसडी घेणं अनेकांच्या बजेटबाहेर गेलं. मग कपाटातली फिरणारी हार्डडिस्क परत बाहेर आली.

म्हणजे ज्या पिढीने फोनमुळे हार्डडिस्कचा आवाजच कधी ऐकला नव्हता, तिच्या घरात तो आता रात्री ऐकू येतोय.

आईचा फोन

माझ्या घरीही हेच झालं. बाबांचा जुना डेस्कटॉप विंडोज ११ ला चालत नव्हता. मी त्याच्यात एक लहान एसएसडी टाकून तिच्यावर लिनक्स बसवलं. फोटोंसाठी चार टीबीची साधी हार्डडिस्क लावली आणि इमिच हे फोटोंचं सॉफ्टवेअर चालू केलं. घर साताऱ्यात, मी पुण्यात. डिस्कवर आजोबांच्या वेळचे स्कॅन केलेले फोटो आहेत, ज्यांची मूळ प्रत दुसरीकडे नाही. त्यामुळे काळजी होती. काळजी असलेला इंजिनियर जे करतो तेच मी केलं: नजर ठेवणारी दोन-तीन साधनं बसवली. डिस्कचं तापमान, तब्येत, वापर, सगळ्याचा आलेख माझ्या फोनवर. ऑफिसच्या बसमध्ये बसून मी साताऱ्यातल्या डिस्कचं तापमान बघायचो. ३८ अंश. छान वाटायचं.

डिस्क वीस मिनिटं वापरात नसेल तर तिने फिरणं थांबवावं, अशी सेटिंग मी केली होती. हॉलमध्ये रात्री शांतता राहावी, एवढाच हेतू.

आठवड्याभराने आईचा फोन. "अरे, तुझा तो डबा रात्रभर घरघरतोय. बंद करून टाकू का?"

मी आलेख बघितला. वाचन शून्य, लेखन शून्य. फोटो कोणी बघत नव्हतं, नवा फोटो येत नव्हता. तरी डिस्क एकदाही थांबलेली नव्हती. शंका आली म्हणून मी तापमानाचा आलेख काढून टाकला. त्या रात्री डिस्क थांबली, मला हुश्श झालं.

तीन दिवसांनी परत फोन. "आता सतत नाही घरघरत, पण मधेच दचकून उठल्यासारखा आवाज करतो. मी घड्याळ बघितलं. साडेअकराला केला, बाराला केला, साडेबाराला केला."

अर्ध्या अर्ध्या तासाने! हे ऐकल्यावर मला गुन्हेगार कळला. कसा, ते समजायला आधी डिस्क झोपते म्हणजे काय होतं, हे बघायला हवं.

डिस्क झोपते म्हणजे काय?

हार्डडिस्कमध्ये गोल चकत्या असतात आणि त्या मोटरवर फिरतात. घरगुती डिस्कमध्ये साधारण मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे. चकतीच्या पृष्ठभागापासून अतिशय कमी अंतरावर हेड तरंगत असतं आणि ते माहिती वाचतं-लिहितं. फोनमधल्या साठवणुकीत आणि एसएसडीत यातलं काहीच नसतं, तिथे नुसत्या चिप्स. म्हणून हा त्रास फक्त फिरणाऱ्या डिस्कचा.

कॉम्प्युटर आणि डिस्क ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिला एटीए म्हणतात. या भाषेत डिस्कच्या चार अवस्था आहेत. 'ॲक्टिव्ह' म्हणजे काम चालू. 'आयडल' म्हणजे काम नाही, पण चकत्या फिरतायत. 'स्टँडबाय' म्हणजे मोटर बंद, पण डिस्कवरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट जागं. आणि 'स्लीप' म्हणजे जवळजवळ सगळंच बंद, रीसेट केल्याशिवाय उठत नाही. आपण बोलताना 'डिस्क झोपली' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती स्टँडबायमध्ये असते.

आता कळीचा मुद्दा. स्टँडबायमध्ये असलेल्या डिस्कला काही प्रश्न विचारले तर सर्किट स्वतःच उत्तर देतं, मोटर चालू करावी लागत नाही. "तू आत्ता कुठल्या अवस्थेत आहेस?" हा असाच प्रश्न आहे, आणि त्यासाठी एटीएमध्ये 'चेक पॉवर मोड' नावाची वेगळी आज्ञाच आहे. दाराबाहेरच्या चपला बघून माणूस घरात आहे का ते ओळखावं, तसं.

पण दुसरे काही प्रश्न असे आहेत की बऱ्याच डिस्कना त्यांची उत्तरं चकतीवरूनच वाचावी लागतात. डिस्कची तब्येत नोंदवणारी 'स्मार्ट' नावाची व्यवस्था त्यातली महत्त्वाची. हे 'स्मार्ट' स्मार्टफोनमधलं नाही, सेल्फ मॉनिटरिंग, अ‍ॅनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी याचं ते लघुरूप. डिस्क किती तास चालली, किती वेळा सुरू-बंद झाली, किती जागा खराब झाल्या, तापमान किती, हे सगळं तिथे असतं. ही माहिती मागितली की काही डिस्क झोपेतूनच उत्तर देतात, काही मात्र उठून बसतात. कोणती कशी वागेल हे मॉडेलवर आणि आतल्या फर्मवेअरवर अवलंबून.

एक नाही, दोन वेगळे त्रास

माझ्या घरी जे झालं ते वरवर एकच वाटतं: मॉनिटरिंगमुळे डिस्क झोपेना. पण ते दोन वेगळे आजार होते आणि दोघांचं औषधही वेगळं.

पहिला आजार म्हणजे झोपूच न देणं. डिस्कच्या आत एक उलटं मोजणारं घड्याळ असतं. वीस मिनिटं कोणी बोललं नाही तर मोटर बंद. माझं तापमानाचं साधन दर मिनिटाला विचारायचं. काही डिस्क या प्रश्नालाही 'काम आलं' असंच समजतात आणि घड्याळ परत वीसवर नेतात. वीसची एकोणीस झाली की परत वीस. डिस्क रात्रभर डोळे मिटायची वाट बघत बसली.

हा माझ्या डिस्कचा विक्षिप्तपणा नव्हे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ मध्ये 'ड्राइव्हटेम्प' नावाचा ड्रायव्हर आला. त्याच्यामुळे डिस्कचं तापमान वाचणं एकदम सोपं झालं आणि सगळ्या डॅशबोर्डवर ते दिसायला लागलं. त्या ड्रायव्हरच्या अधिकृत माहितीतच इशारा दिलाय की तापमान वाचल्याने काही डिस्कचं थांबण्याचं घड्याळ नव्याने सुरू होऊ शकतं. वेस्टर्न डिजिटलच्या १२ टीबीच्या एका मॉडेलवर हे दिसल्याचा उल्लेखही तिथे आहे. गंमत म्हणजे तीच डिस्क एकदा झोपली की मग तापमान वाचलं तरी उठत नाही, असंही तिथेच लिहिलंय. म्हणजे तिला झोप लागत नाही, पण लागली की मोडत नाही. माणसांतही असे असतात.

दुसरा आजार म्हणजे झोपलेल्याला उठवणं. लिनक्सवर डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारी 'स्मार्टडी' नावाची सेवा असते. ती मुळात १,८०० सेकंदांनी, म्हणजे दर अर्ध्या तासाने तपासणी करते. आईने घड्याळ लावून सांगितलेला आकडा हाच! डेबियनसारख्या लिनक्समध्ये या सेवेची जी तयार सेटिंग येते, तिच्यात 'डिस्क स्टँडबायमध्ये असेल तर तिला हात लावू नकोस' असा पर्याय आधीच असतो. मग माझ्याकडे काय झालं? ई-मेलने इशारा यावा म्हणून मी ती ओळ स्वतः बदलली होती. कुठूनतरी एक ओळ उचलून चिकटवली आणि तिच्यात तो पर्याय नव्हता. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती.

हा दुसरा आजार पहिल्यापेक्षा वाईट. हिशेब करा. डिस्क दर अर्ध्या तासाने उठते, वीस मिनिटं रिकामी फिरते, दहा मिनिटं झोपते, परत उठते. चोवीस तासांतले सोळा तास ती फिरतेच. म्हणजे वीज फारशी वाचली नाही. उलट दिवसाला ४८ वेळा मोटर सुरू-बंद झाली. वर्षाला १७,५२०. अनेक घरगुती डिस्क सुमारे ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. या वेगाने तो आकडा तीन वर्षांच्या आत संपतो. तोच जर दिवसाला चार वेळा उठली असती तर चौतीस वर्षं पुरला असता.

डिस्कची काळजी घ्यायला बसवलेलं साधनच तिचं आयुष्य खात होतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

गुन्हेगार दिसत का नाही?

हे शोधायला मला आठवडा का लागला? कारण नेहमीची साधनं याबाबतीत आंधळी आहेत.

कुठला प्रोग्राम कुठली फाईल उघडतो हे दाखवणारं 'फॅट्रेस' हे साधन मी रात्रभर चालू ठेवलं. त्यात काहीच दिसलं नाही. साहजिकच होतं. स्मार्टची माहिती मागताना कोणी फाईल उघडतच नाही, थेट डिस्कशी बोलतं. कर्नल प्रत्येक डिस्कवर किती वाचन-लेखन झालं ते मोजत असतं, आणि आलेखात दिसणारे आकडे तिथूनच येतात. पण अशा थेट आज्ञा त्या मोजणीत सहसा धरल्याच जात नाहीत. म्हणून माझ्या आलेखात शून्य आणि आईच्या कानात घरघर. दोघंही खरं बोलत होते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मॉनिटरिंग म्हटलं की सगळंच दोषी नसतं. कर्नलची ही मोजणी मेमरीत असते, ती कितीही वेळा वाचा, डिस्कला पत्ताही लागत नाही. प्रोसेसरचा वापर, रॅम, नेटवर्कचा वेग, हे सगळं निरुपद्रवी. डिस्कवर किती जागा शिल्लक आहे हा आकडाही बहुधा मेमरीतूनच मिळतो. डिस्क उठते ती तीन प्रकारच्या कामांनी: स्मार्ट आणि तापमान विचारल्याने, फोल्डर धुंडाळून आकार मोजल्याने, आणि कुठल्या डिस्कवर कुठलं पार्टिशन आहे हे पहिल्यापासून तपासल्याने. तुमचा संशय आधी या तिघांवर जायला हवा.

हे पहिल्यांदाच होत नाहीये

सॉफ्टवेअर आणि डिस्क यांच्या झोपेच्या वेळा न जुळणं याला मोठा इतिहास आहे. २००७ मध्ये उबंटू वापरणाऱ्या लॅपटॉपवाल्यांत मोठी खळबळ उडाली होती. बॅटरी वाचवायला डिस्क आपलं हेड बाजूला ठेवायची, आणि सिस्टीम लगेच काहीतरी लिहायला तिला बोलवायची. हेड आत-बाहेर करण्याचा आकडा भराभर वाढत होता.

नंतर वेस्टर्न डिजिटलच्या 'ग्रीन' मालिकेतल्या डिस्कही गाजल्या. त्या आठ सेकंद काम नसलं की हेड बाजूला ठेवायच्या. विंडोजच्या वापरात ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. पण सर्व्हरवर दर थोड्या सेकंदांनी लॉग लिहिला जातो. समजा दर ३० सेकंदांनी एकदा लिहिलं, तर दिवसाला २,८८० फेऱ्या होतात. ३,००,००० फेऱ्यांची मर्यादा साडेतीन महिन्यांत संपते. शेवटी ही आठ सेकंदांची वेळ बदलण्यासाठी वेगळी साधनं आली.

तेव्हाही डिस्क चुकीची नव्हती आणि सिस्टीमही चुकीची नव्हती. एकाला वाटत होतं समोरचा गेला, दुसऱ्याला वाटत होतं समोरचा तयार आहे. आजही गोष्ट तीच आहे, फक्त लॉगच्या जागी डॅशबोर्ड आला.

मुळात इतकं विचारायची गरज आहे का?

मला सगळ्यात महत्त्वाचा हा प्रश्न वाटतो. दर मिनिटाला तापमान बघून मी काय करणार होतो?

गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी आढळल्या. एक, तापमान आणि डिस्क बिघडणं यांचा संबंध लोक समजत होते तितका घट्ट नव्हता. दोन, बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये, तापमान सोडलं तर, आधी कुठलंच वाईट लक्षण दिसलं नव्हतं. म्हणजे तीनातली एक डिस्क काहीही न सांगता जाते.

याचा अर्थ स्मार्ट निरुपयोगी असा नाही. खराब जागा बदलल्याचा आकडा वाढू लागला तर ती खरी धोक्याची घंटा आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. पण हे आकडे मिनिटा-मिनिटाला बदलत नाहीत. दिवसातून एकदा, डिस्क आपल्या कामासाठी जागी असताना बघितलं तरी घरच्या वापराला पुष्कळ झालं. आणि उरलेल्या एक तृतीयांश धोक्यावर स्मार्टकडे उत्तर नाही. त्याचं उत्तर दुसरी प्रत, म्हणजेच बॅकअप. आजोबांच्या फोटोंची दुसरी प्रत न काढता मी त्या डिस्कचं तापमान बघत बसलो होतो. काळजी घेतोय असं वाटणं आणि काळजी घेणं यात हा फरक आहे.

डिस्क झोपवायचीच कशाला, असाही प्रश्न येईल. डेटा सेंटरमध्ये डिस्क शक्यतो सतत फिरत्या ठेवतात, कारण तिथे प्रत्येक क्षणी कोणीतरी काहीतरी मागत असतं. घरची डिस्क दिवसातून तासभर लागते. पैशाच्या दृष्टीने बघाल तर फायदा लहान आहे. मोठी डिस्क रिकामी फिरताना साधारण ५ वॅट घेते, थांबली की १ वॅटपेक्षा कमी. रोज वीस तास झोपली तर वर्षाला २९ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर अडीचशे रुपयांच्या आत. माझा पूर्ण पीसी रिकामा असताना ४० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला ३५० युनिट. तेव्हा वीजबिल कमी करायचं असेल तर डिस्कच्या मागे लागण्याआधी पीसीकडे बघा.

पण आवाज, उष्णता आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर येणारा भार हे पैशात मोजता येत नाही. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला तर अजिबात नाही. माझं मत असं: झोपवायची तर नीट झोपवा, नाहीतर सरळ फिरू द्या. अर्धवट झोप सगळ्यात वाईट.

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं

तुमच्याकडे हार्डडिस्क नसेल तर हे सगळं परकं वाटेल. पण खिशातला फोन याच आजारातून गेलाय. दहा-बारा वर्षांपूर्वी प्रत्येक अँड्रॉइडवर 'टास्क किलर' असायचा. तो बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप्स बंद करायचा, सिस्टीम ती परत सुरू करायची, तो परत बंद करायचा. या धरपकडीतच बॅटरी जायची.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये गुगलने 'डोझ' आणलं. फोन टेबलावर नुसता पडून असेल तर अ‍ॅप्सना वाटेल तेव्हा उठता येत नाही. सिस्टीम अधूनमधून एक छोटी खिडकी उघडते, सगळ्यांनी आपापली कामं त्यातच उरकायची, आणि परत झोप. जितका वेळ फोन पडून, तितक्या या खिडक्या दूर-दूर. होमस्क्रीनवरच्या विजेटलाही मर्यादा आहे. ठरावीक वेळाने आपोआप ताजं होण्याची अँड्रॉइडची जी मूळ सोय आहे, ती अर्ध्या तासापेक्षा लवकर चालत नाही. आणि अँड्रॉइडच्या माहितीतच लिहिलंय की त्या वेळी फोन झोपलेला असेल तर त्यासाठी तो उठतो. म्हणून बॅटरी टक्क्यांत दाखवणारं, रॅम दाखवणारं, तापमान दाखवणारं प्रत्येक विजेट हे थोडंसं 'झोपलास का?' विचारणाराच असतं.

फोनवाल्यांनी जो उपाय शोधला तोच डिस्कलाही लागू पडतो: एकेकट्याने उठवू नका, सगळी कामं गोळा करून एकदाच उठवा.

मग करायचं काय?

मी घरी जे केलं ते क्रमाने सांगतो.

१. सिस्टीम एसएसडीवर, फोटो डिस्कवर. ऑपरेटिंग सिस्टीम, लॉग आणि फोटोंच्या अ‍ॅपचा डेटाबेस फिरणाऱ्या डिस्कवर असेल तर ती कधीच झोपणार नाही, बाकी काहीही करा. लहान एसएसडी पुरते.

२. आधी मोजा. स्मार्टमध्ये 'स्टार्ट-स्टॉप काउंट' आणि 'लोड सायकल काउंट' असे दोन आकडे असतात. आज लिहून ठेवा, उद्या त्याच वेळी परत बघा. दिवसाला पाच-दहाने वाढत असतील तर सोडून द्या. चाळीस-पन्नासने वाढत असतील तर कोणीतरी उठवतंय. आवाज नियमित वेळाने येत असेल तर ती वेळ नोंदवा. अर्धा तास, दहा मिनिटं, एक तास असा गोल आकडा म्हणजे टायमरवर चालणारा प्रोग्राम.

३. आधी विचारा, मग बोला. लिनक्सवर स्मार्टडीच्या सेटिंगमध्ये 'एन' पर्यायाला 'स्टँडबाय' अशी किंमत द्या. मग ती आधी चेक पॉवर मोडने अवस्था विचारते आणि डिस्क झोपलेली असेल तर निमूट परत जाते. त्याच्यापुढे एक संख्याही देता येते: इतक्या वेळा सलग परत गेल्यावर मात्र एकदा उठवून तपास. आठवडाभर न वापरलेली डिस्क तपासणीविना राहू नये म्हणून ती द्यावी. हाताने तपासताना स्मार्टसीटीएललाही हाच पर्याय चालतो, आणि डिस्कची नुसती अवस्था बघायची तर एचडीपार्मचा मोठ्या लिपीतला 'सी' पर्याय तिला उठवत नाही.

४. तापमानाचा आलेख काढा किंवा विरळ करा. डिस्कचं थांबण्याचं घड्याळ वीस मिनिटांचं असेल तर तापमान दर मिनिटाला वाचणं म्हणजे ते घड्याळ बंद करणं. विंडोजवर डिस्कची तब्येत दाखवणारी साधनं पार्श्वभूमीला चालू राहतात. त्यांच्या सेटिंगमध्ये किती वेळाने वाचायचं ते बघा, किंवा काम झाल्यावर ती सरळ बंद करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये डिस्क थांबवण्याची वेळ सहसा २० मिनिटं असते.

५. फोनचे फोटो आधी एसएसडीवर उतरू द्या. घरात चार फोन असतील तर दिवसभर फोटो येत राहणार आणि प्रत्येक फोटोगणिक डिस्क उठणार. मी ते एसएसडीवर जमा करतो आणि रात्री नऊ वाजता, सगळे जागे असताना, एकदाच डिस्कवर हलवतो. स्मार्टची तपासणीही त्याच वेळी. डोझची खिडकी म्हणा हवं तर.

६. यूएसबी डिस्क असेल तर सावध. डब्यातली लहान चिप डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाष्याचं काम करते. काही चिप्स अवस्थेचा प्रश्न नीट पोचवत नाहीत, काहींचं स्वतःचं वेगळं झोपेचं घड्याळ असतं. तिथे सेटिंगवर विश्वास ठेवण्याआधी कान लावून खात्री करा.

७. आणि हे सगळं करण्याच्या आधी दुसरी प्रत काढा. मी यादीत शेवटी लिहिलं, कारण मी शेवटी केलं. तुम्ही पहिलं करा.

आता ती डिस्क दिवसातून तीन-चार वेळा उठते. माझ्या फोनवर तिचा आलेख नाही. आठवड्याला एक ई-मेल येतो, त्यात पाच आकडे असतात. आजोबांच्या फोटोंची दुसरी प्रत पुण्यात माझ्या कपाटात, वायर काढून ठेवलेल्या डिस्कवर आहे. तिला कोणी काही विचारत नाही.

आईला परवा विचारलं, आवाज येतो का गं? ती म्हणाली, "नऊ वाजता येतो. मग कळतं की सगळं ठीक चाललंय."